टोपात नसलेली विहीर

शैलेश जिंतूरकरने तो टोप घ्यावा की न घ्यावा यावर तीन महिने विचार केला. एवढा विचार लग्नाआधी केला असता तर आज आपण दोघंही सुखात असतो, असं त्याची बायको सुलक्षणा म्हणे. यातलं 'दोघंही' शैलेशला जरा लागे.

टोप म्हणजे डोक्यावर चढवायचा, पण चढवून कुठे जायचं नाही, असा. इंग्रजीत त्याला व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा हेडसेट म्हणतात. मागे पट्टा, पुढे डोळ्यांवर झापड, झापडीच्या आत दोन चिमुकले पडदे. मान डावीकडे वळवली की आतलं जगही डावीकडे दिसतं. आता मान वळवली की पलीकडचं दिसतं ही सोय माणसाला जन्मापासून फुकट मिळालेली आहे, हा मुद्दाही सुलक्षणाचाच. पण सन दोन हजार आठमध्ये अमेरिकेत या सोयीला चारशे डॉलर पडत होते, आणि शैलेशला ती हवी होती.

शैलेश हिंजवडीच्या एका कंपनीत होता. कंपनी सॉफ्टवेअर बनवी आणि ते कसं वापरावं याची पुस्तकं शैलेश लिही. ही पुस्तकं गेल्या अकरा वर्षांत कोणी उघडल्याचं ऐकिवात नव्हतं. अशा माणसाला कधीतरी काहीतरी करून दाखवावंसं वाटतं, आणि तिथून संसाराला धोका सुरू होतो.

त्याने कंप्यूटरवर एक तक्ता केला. डावीकडे 'किंमत', उजवीकडे 'मूल्य'. डाव्या रकान्यात अठरा हजार हा आकडा एकटाच उभा होता. उजव्या रकान्यात त्याने 'भविष्य' असं लिहिलं आणि समाधानाने चहा मागितला.

"भविष्य बघायला अठरा हजार?" सुलक्षणा म्हणाली. "पौडला एकजण अकरा रुपये आणि नारळ घेऊन बघतो. वर नारळातला अर्धा परत देतो."

तिचं म्हणणं, त्या पैशांत बाथरूमच्या माळ्यावर पाण्याची टाकी बसवावी. भूगावच्या त्यांच्या सोसायटीत पाणी टँकरने येई, आणि टँकर त्याच्या मनाला येईल तेव्हा येई. टाकीचा मुद्दा बिनतोड होता. म्हणूनच शैलेशला तो क्षुद्र वाटला.

सोसायटीचे चेअरमन बंडोपंत यांना विचारलं नव्हतं, तरी ते सल्ला द्यायला आले. बंडोपंत बँकेतून निवृत्त झाले होते. कर्ज नाकारण्यात उभी हयात गेल्यामुळे त्यांना अजून दिवसातून एकदा तरी कोणाला तरी 'नाही' म्हणावं लागे, त्याशिवाय जेवण जात नसे.

"थांबा, शैलेशराव," ते म्हणाले. "वस्तू स्वस्त होतात. मी रंगीत टीव्हीसाठी नऊ वर्षं थांबलो. निम्म्या किमतीत मिळाला."

"आणि ती नऊ वर्षं?"

"शेजाऱ्यांकडे पाहिला ना."

हे ऐकून मात्र शैलेशने त्याच दिवशी पैसे भरले. बंडोपंतांचा शेजारी आता तोच होता.

पार्सल अमेरिकेहून पुण्यापर्यंत नऊ दिवसांत आलं, आणि पुण्याहून भूगावला यायला त्याला महिना लागला. परदेशी पार्सलांच्या कचेरीतल्या साहेबांना प्रश्न पडला की या वस्तूवर कर लावायचा तो कशाचा. डोळ्यांवर लावतात म्हणजे चष्मा. चित्र दिसतं म्हणजे टीव्ही. डोक्यावर घालतात म्हणजे हेल्मेट. शैलेश अर्धी रजा टाकून गेला आणि त्याने वीस मिनिटं संगणकयुगावर भाषण केलं. साहेबांनी ते शांतपणे ऐकलं, खोक्यावरचं चित्र पुन्हा एकदा पाहिलं आणि विचारलं, "याने डोळ्यांचा नंबर कमी होतो का?"

"नाही."

"डोकं आपटलं तर वाचतं?"

"नाही."

"बातम्या लागतात?"

"नाही."

"मग खेळणं," असं म्हणून त्यांनी शिक्का मारला. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी एका खेळण्यावर पाच हजार रुपये कर भरून शैलेश घरी आला. कराचा त्याला राग नव्हता. शिक्का मात्र फार दिवस सलला.

टोप कंप्यूटरला जोडला तर आत मिट्ट काळोख. पुस्तिकेत लिहिलं होतं की यासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. हे त्याने आधी वाचायला हवं होतं; पण जो माणूस स्वतः पुस्तिका लिहितो, तो दुसऱ्याच्या वाचत नाही. कार्ड आणलं. मग लोडशेडिंग. भूगावात तेव्हा दिवसाचे सहा तास वीज जाई, आणि वीज गेली की भविष्यही जाई. म्हणून इन्व्हर्टर आणला. तक्त्यातला डावा रकाना पानाखाली उतरून दुसऱ्या पानावर गेला. उजव्यात अजून एकच शब्द होता.

शेवटी एका रविवारी सकाळी टोप सुरू झाला. सोबत आलेल्या तबकडीत एकच देखावा होता, समुद्राच्या तळाचा. सोसायटीतली माणसं रांग लावून आली. पहिला मान अर्थातच चेअरमनांचा. बंडोपंतांनी खुर्ची नाकारली, टोप चढवला आणि "हं, मासे आहेत, साधारण दिसतात," असा अभिप्राय सुरू केला. तेवढ्यात आत शार्क आला. बंडोपंत कर्ज मागणाऱ्यासमोर कधी हटले नव्हते, पण शार्क जामीनदार न आणता आला होता. ते चार पावलं मागे सरकले, बाल्कनीचा उंबरा ओलांडला आणि सुलक्षणाने वाळत घातलेल्या साबुदाण्याच्या चिकवड्यांवर सगळ्या वजनानिशी बसले.

"तंत्रज्ञान चांगलं आहे," धोतराला चिकटलेल्या चिकवड्या सोडवत ते म्हणाले, "पण आपल्या हवामानाला चालायचं नाही."

महिन्याभरात टोप फ्रिजवर गेला. सुलक्षणाने त्याच्यासाठी क्रोशाचं सुरेख झाकण विणलं, कडेच्या फुलांसकट. येणाऱ्या पाहुण्याला ती म्हणे, "ते होय? ते यांचं भविष्य आहे. धूळ बसू नये म्हणून झाकलंय." शैलेशने तिच्याशी भांडण काढलं असतं, पण ती चेहऱ्यावर इतकी गंभीर असे की भांडायला जागाच राहत नसे.

टोपाचं मूल्य सिद्ध करणं आता इभ्रतीचा प्रश्न झाला. म्हणून शैलेश पिरंगुटला चंद्रकांतशेठ बिल्डरकडे गेला. शेठ मूळचे टायरचे व्यापारी. आजूबाजूच्या जमिनींचे भाव चढायला लागल्यावर ते बांधकामात उतरले होते, आणि घोटावड्याजवळ 'लिटल जिनिव्हा' नावाच्या चार सात-मजली इमारती उभारणार होते. जिनिव्हा कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. गिऱ्हाइकांनाही नसतं, हे मात्र पक्कं ठाऊक होतं.

"कल्पना अशी," शैलेश म्हणाला, "की फ्लॅट बांधायच्या आधीच गिऱ्हाइकाला फ्लॅटमधून फिरवून आणायचं."

"ते आम्ही फिरवतोच," शेठ म्हणाले. "आजवर टोप लागला नव्हता एवढंच."

तरीही शेठना गोष्ट पटली. भूमिपूजनाला चार प्रतिष्ठित माणसं येणार, पेपरात फोटो येईल. वीस हजारांवर सौदा ठरला. शेठनी नकाशा दिला, शैलेशने त्यावर त्यांची सही मागितली. पुस्तिका लिहिणाऱ्याची ही सवय. मजकूर कोणी वाचत नसला तरी तो कोणी मंजूर केला हे कागदावर लागतं. शेठनी हसत सही ठोकली.

शैलेशने आठ दिवसांची रजा काढली. आठ दिवस तो भिंती उभारत होता, फरशा बसवत होता, खिडक्यांतून घोटावड्याचेच डोंगर दाखवत होता. सगळ्यात जीव ओतला तो पोहण्याच्या तलावात. निळ्या फरशा, पाण्यावर उन्हाची थरथर, कडेला आरामखुर्च्या. सुलक्षणासुद्धा टोप लावून दोन मिनिटं तिथे उभी राहिली. "पाणी चांगलं भरलंय," ती म्हणाली. तिच्या तोंडून आलेली ही पहिलीच स्तुती. शैलेशने तक्ता उघडून उजव्या रकान्यात दुसरा शब्द लिहिला, 'तलाव'.

भूमिपूजनाला घोटावड्याच्या त्या माळावर मांडव पडला होता. जनरेटर धडधडत होता. मानाच्या खुर्चीवर भैरूनाना बसले होते. दोन एकर जमीन त्यांचीच. पिढ्यानपिढ्या भात करत आलेली, गेल्या साली शेठना विकलेली. शेजारी त्यांची बायको धोंडाबाई, नव्या लुगड्यात आखडून. शेठनी जाहीर केलं की जमिनीचे मूळ मालक पहिल्यांदा टोप घालून लिटल जिनिव्हात पाऊल टाकतील. टाळ्या झाल्या.

पहिली अडचण टोपीची. भैरूनाना टोपी काढीनात. "चार मान्सांत बोडकं बसू व्हय?" शेवटी टोपीवरून टोप बसवला. शैलेश कंप्यूटरची बटणं दाबत त्यांना दारातून आत घेऊन गेला.

"आयला! लई बेस हाय की," भैरूनाना म्हणाले. "भिताड कसं गुळगुळीत. ही मोरी व्हय? मोरीत आरसा?"

मांडव हसला. फोटोवाल्याने फोटो काढला. शेठनी शैलेशच्या पाठीवर थाप मारली, आणि त्या थापेत शैलेशला गेल्या पाच महिन्यांचं व्याज मिळालं. त्याने मोठ्या ऐटीत भैरूनानांना जिना उतरवून तलावाशी आणलं.

भैरूनानांनी मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. हवेत हात धरून बोटाने कुठली तरी रेघ ओढली.

"सायेब, त्यो समोरला डोंगराचा सुळका दिसतोय, आन् हिकडं ह्यो रस्ता. मंग आमी उबं हाय ते कुटं?"

"तलावाच्या काठावर, नाना."

"तळं न्हाई, माझी हीर हाय हितं."

"काय आहे?"

"हीर! इहीर!" भैरूनाना ओरडले. "पाच गुंठं आन् हीर म्या इकल्यालीच न्हाई! खरेदीखतात लिवलंय. हितं ह्यो निळा हौद कुणी घातला?"

त्यांनी टोप टोपीसकट उपसून काढला आणि बोडक्या डोक्याने शेठकडे पाहिलं. चार माणसांत बोडकं व्हायचं आता त्यांना काही वाटत नव्हतं.

चंद्रकांतशेठ अनुभवी होते. टायर फुटला तरी गाडी सरळ ठेवायची त्यांना सवय होती. "नाना, चित्र आहे ते," ते हसत म्हणाले. "या कंप्यूटरवाल्याचा गाढवपणा. याला कुठे काय काढावं कळत नाही. हातात खेळणं आलं की झालं."

आता इथे सांगायला पाहिजे की शैलेश काही शूर माणूस नव्हता. वीस हजार त्याला हवे होते. तो नुसता खाली मान घालून "चूक झाली" म्हणाला असता, तर शेठनी संध्याकाळी पैसे दिले असते आणि भैरूनानांची विहीर सावकाश, गवगवा न होता, निळ्या फरशांखाली गेली असती. 'गाढवपणा' त्याने गिळलासुद्धा. पण 'खेळणं' हा शब्द त्याला गिळवेना.

"मी नकाशाबाहेर एक फरशीही बसवलेली नाही," तो म्हणाला. आवाज कापरा होता, पण जनरेटर नेमका त्याच क्षणी बंद पडल्यामुळे मांडवभर ऐकू गेला. त्याने प्लॅस्टिकच्या फाइलमधून नकाशा काढला आणि भैरूनानांसमोर पसरला. तलाव, तलावाखाली माप, आणि खाली कोपऱ्यात शेठची ठसठशीत सही.

भैरूनानांना इंग्रजी येत नव्हतं. सही येत होती. तसलीच त्यांच्या खरेदीखतावर होती.

"चित्रात घुसलाय म्हंजी उद्या जेशीबी घालनार," धोंडाबाई पहिल्यांदाच बोलली. मग ती उठली, मांडवातून बाहेर गेली आणि मागच्या अंगाला असलेल्या विहिरीच्या काठावर जाऊन बसली. तिला तिथून उठवायला तीन माणसं गेली, ती तशीच परत आली.

भैरूनानांनी तक्रार केली, आणि पुढच्या आठवड्यात पंचनामा ठरला. मुद्दा असा होता की तलाव जागेवर नव्हता, तो टोपात होता. तेव्हा पंचनामा टोपाचा करावा लागणार. तलाठी भाऊसाहेब फटफटीवरून भूगावला आले आणि चिकवड्या वाळत होत्या त्या बाल्कनीच्या दारात खुर्ची टाकून बसले. पंच म्हणून बंडोपंतांना बोलावलं.

"मी पाहणार नाही," बंडोपंत म्हणाले. "मी त्यात एकदा पाहिलंय. पण सही करीन."

"न पाहता सही?"

"बँकेत असताना हे मी कोणाला करू दिलं नसतं," बंडोपंत म्हणाले आणि पेन उघडलं.

भाऊसाहेबांनी टोप घातला, शैलेशने त्यांना तलावाशी नेऊन उभं केलं. मग ते कितीतरी वेळ कोरा कागद बघत बसले. पाहणी कुठे झाली असं लिहावं? माणूस भूगावच्या खुर्चीत होता, नजर घोटावड्यात होती, आणि दिसलं ते दोन्हीकडे नव्हतं. चहाचे तीन कप झाल्यावर वाक्य जमलं. 'सदर विहीर जागेवर आहे, टोपात नाही. टोपात सदर ठिकाणी निळे पाणी असून खोली समजून आली नाही.' ते त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं आणि "यात काही खोटं नाही ना?" असं विचारलं. नव्हतं. सरकारी कागदात इतकं खरं वाक्य पडल्याची बहुधा पहिलीच वेळ असावी.

शेठनी नकाशा बदलला. तलाव दुसरीकडे सरकला, पाच गुंठ्यांभोवती कुंपण पडलं, विहीर वाचली. शैलेशचे वीस हजार अर्थातच बुडाले. बंडोपंतांनी हिशेब मांडून दाखवला की आजच्या भावाने त्या पाच गुंठ्यांचे चांगले बारा लाख होतात. "म्हणजे तुमच्या टोपाने बारा लाख वाचवले, शैलेशराव," ते म्हणाले. "दुसऱ्याचे. पण वाचवले."

दिवाळी उलटल्यावर एका दुपारी भैरूनाना आणि धोंडाबाई दारात आले. नानांच्या खांद्यावर नव्या इंद्रायणी तांदळाचं अर्धं पोतं. हा धाकट्या भावाच्या वाट्याच्या रानातला, त्यांनी सांगितलं. आपलं रान आता कुठलं. तिथे पायाचे चर खणून झाले होते आणि सिमेंटच्या गाड्या सुरू होत्या.

सुलक्षणाने चहा दिला. चहा संपला तरी दोघं उठेनात. शेवटी नानांनी बायकोला कोपराने ढोसलं.

"बाबा," धोंडाबाई म्हणाली, "त्या टोपात तुमी इमारती घातल्या. मंग काडता बी येत असतीलच की."

"येतात, मावशी."

"मंग काडून दावा. आमचं रान दावा. पयल्यासारकं."

शैलेशने सुलक्षणाकडे पाहिलं. तिने फ्रिजवरचं क्रोशाचं झाकण उचललं आणि टोप आणून त्याच्या हातात दिला.

त्याने कंप्यूटर लावला. चार सात-मजली इमारती त्याने चार वेळा बटण दाबून पाडल्या. तालुक्यात इतक्या बिनतक्रार इमारती कोणी पाडल्या नसतील. तलाव काढला. त्या जागी दगडी गोल बसवून कशीबशी विहीर केली. अडचण भाताची आली. जगातल्या सगळ्या आरामखुर्च्या त्याच्या संग्रहात होत्या, भाताचं एक रोप नव्हतं. म्हणून क्लबहाउसपुढचं विलायती हिरवळीचं गवत होतं, तेच त्याने दोन एकर पसरलं आणि ओढून गुडघ्याएवढं उंच केलं. लांबून भात वाटावा असं. त्याला बऱ्यापैकी वाटलं.

धोंडाबाईने डोक्यावरच्या पदरावरूनच टोप घालून घेतला. तिने हळूहळू मान फिरवली, सावकाश, बांधावरून चालत पाहावं तशी.

"त्यो सुळका," ती पुटपुटली. "हीर हाय. जरा उजवीकडं गेलीया, पर हाय." आणखी मान वळली. मग ती एकदम थबकली. "अगं बया! ह्ये काय? भातात एवढं गवत माजलंय? कुनी खुरपलं न्हाई व्हय?"

"अगं, खोटं हाय त्ये," भैरूनाना म्हणाले.

"खोटं असलं म्हनून काय झालं? रान हाय न्हवं? असं टाकून देत्यात व्हय?"

शैलेश खुलासा करायला पुढे झाला. गवताचं काय, भाताचं काय, अमेरिकेतल्या संग्रहात काय मिळतं. तोवर तिने पदर कमरेला खोचला होता. ती कमरेत वाकली, दोन पावलं पुढे सरकली, डावा हात गुडघ्यावर ठेवला आणि उजव्या हाताला जे लागलं ते मुठीत गच्च धरून मुळासकट उपटलं. कंप्यूटरमागे काहीतरी कडकन तुटलं. तेवीस हजारांच्या टोपाची वायर तिच्या मुठीत होती. तिने ती बांधावर फेकावी तशी मागे न बघता बाजूला टाकली आणि कंबर धरून उभी राहिली. टोपात काळोख झाला असणार.

"हां," धोंडाबाई म्हणाली. "आता झालं रान साफ."